आधी ब्रेक, मग वेग

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीचा फोन आला तेव्हा मी एका टेंपोखाली आडवा होतो. पलीकडून विचारलं, "मेळाव्यात दहा मिनिटं बोलशील का? डॉक्टर बोलणार आहेत, बँकेतले साहेब बोलणार आहेत, तूही बोल." मी म्हटलं, मी काय बोलणार? मी शाळेत शेवटच्या बाकावर आणि आता गाडीच्या खाली. तर म्हणाले, "तू मुलाला घेऊन मद्रासला गाडी पळवायला गेला होतास ना, तेच सांग."

तेच सांगतो. पण आधी दोन गोष्टी कानावर घालतो. एक, ती शर्यत नव्हती. दुसरी, मी तिथे हौसेने गेलो नव्हतो, भीतीपोटी गेलो होतो.

आपण शाळेत होतो तेव्हा कामणला गाड्या किती होत्या ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हा आपला जिल्हा ठाणे होता. एसटी येताना दिसली की अख्खा नाका उभा राहायचा. आता चिंचोटीपासून भिवंडीपर्यंत कंटेनरची रांग असते. शेतं होती तिथे गोदामं आणि गाळे आले, आणि प्रत्येक घरात निदान एक तरी दुचाकी आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, माझं पोट त्यावरच चालतं. पण रात्री साडेअकरानंतर चिंचोटी फाट्यावरून हायवेला कोण पळतं, ते मला गॅरेजमुळे कळतं. सोमवारी सकाळी कुणाचे टायर संपलेले असतात, कुणाच्या सायलेन्सरची जाळी काढलेली असते, हे बघितलं की विचारावं लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी मी असेच एका स्विफ्टचे टायर बघत होतो. पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा खाल्लेल्या. हात लावला तर रबराचे पापुद्रे निघाले. ती गाडी माझ्या मुलाची होती.

मी आरडाओरडा केला नाही, कारण मला एकदम दुसरी गाडी आठवली. ती गोष्ट तुमच्यापैकी फारच थोड्यांना माहीत आहे.

आपल्या बॅचमधला एक जण आज इथे नाही. नाव घेत नाही, तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो आलाच असेल. कामणदुर्गच्या सहलीत सरांच्या पुढे धावत गेला म्हणून खाली उतरेपर्यंत ज्याला सरांचं दप्तर उचलावं लागलं, तोच. १९९३ साली तो हायवेला गेला. सगळ्यांना एवढंच माहीत आहे की ट्रक अचानक थांबला आणि त्याची आरएक्स हंड्रेड मागून घुसली. ते खरंच आहे. पण त्याच दिवशी दुपारी तो माझ्या शेडवर आला होता. शेड टाकून मला वर्षही झालं नव्हतं. मी गाडी चालवून बघितली. पुढचा ब्रेक पार हँडलला टेकत होता, शू संपले होते. मी म्हटलं, "शू बदलावे लागतील, अर्धा तास बस." तो म्हणाला, "आता घाई आहे रे, उद्या बघू." आणि मी केबल थोडी ताणून दिली आणि चावी त्याच्या हातात ठेवली.

ट्रक थांबला हा त्याचा दोष नव्हता. पण चावी मी दिली.

तीस वर्षं मी हे कुणाला बोललो नाही. त्याची धाकटी बहीण आज पहिल्या रांगेत बसली आहे. या भाषणाआधी मी तिच्या घरी गेलो आणि तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, मला सांगितलंस तसं सगळ्यांना सांग. नुसतं मला सांगून काय उपयोग?" तिच्या परवानगीनेच मी हे बोलतो आहे.

तर मुलाचे टायर बघितल्यावर मी संध्याकाळी त्याला एवढंच म्हटलं, "तुला गाडी पळवायचीच आहे ना? मग जिथे पळवायची तिथे पळवू. मी येतो बरोबर. पण तोपर्यंत हायवे बंद." त्याला आधी ते खरंच वाटेना.

ट्रॅक डे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. शर्यतीसाठी बांधलेला बंद रस्ता असतो. समोरून कुणी येत नाही, मध्ये गाय नाही, रिक्षा नाही, दुभाजक तोडून वळणारा नाही. पैसे भरायचे, आपली रोजची गाडी न्यायची, आणि पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनमध्ये ती चालवायची. नवखे वेगळे, जुने वेगळे. पहिला नंबर नाही, कप नाही. पुढे जायचं तर पुढच्या माणसाने हात दाखवून बाजू दिल्याशिवाय जायचं नाही. कडेला मार्शल झेंडे घेऊन उभे असतात आणि रुग्णवाहिका तयार असते.

असे मोठे ट्रॅक आपल्या देशात मोजकेच आहेत. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा वेटेल जिंकला. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे. आणि मद्रासजवळ श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. तो १९९० पासून आहे, ३.७१७ किलोमीटर लांब, बारा वळणं. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. मुलाला मी आधी तिथेच नेलं. जमिनीला टेकलेल्या त्या छोट्या गाडीत वळण म्हणजे काय ते पाठीच्या कण्याला कळतं.

मग मद्रास ठरलं. नकाशा बघताना एक गोष्ट लक्षात आली. आपल्या चिंचोटी फाट्यावरून जातो तो राष्ट्रीय महामार्ग ४८, दिल्लीहून निघतो आणि पुणे, कोल्हापूर, बेंगळुरू करत चेन्नईला संपतो. इरुंगट्टुकोट्टई त्याच रस्त्यावर आहे. म्हणजे ज्या रस्त्यावर पोरं रात्री जिवाशी खेळतात, तोच रस्ता तेराशे-एक किलोमीटरवर, जिथे हे नीट शिकता येतं तिथे नेतो.

आता तयारी. इथे बरेच जण गाडीवाले आहेत. ट्रॅकवर कधीच जाणार नसाल तरी ऐका, कारण यातलं बहुतेक सगळं गणपतीला कोकणात जातानाही लागू आहे.

नववीत सरांनी गतिज ऊर्जेचं सूत्र शिकवलं होतं. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. मला तेव्हा छडीच जास्त आठवायची. पण सर, ते सूत्र मी आता रोज वापरतो. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. ताशी ६० ला कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकची गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबत असेल, तर १२० ला ८० मीटर लागतात. आणि डोळ्याने बघून पाय ब्रेकवर जायला जो एक सेकंद जातो, त्यात ६० ला सतरा मीटर आणि १२० ला तेहतीस मीटर गाडी पुढे गेलेली असते. ही सगळी ऊर्जा जाते कुठे? ब्रेकमध्ये, उष्णता होऊन. म्हणून ट्रॅकला जाणाऱ्या माणसाने इंजिनाकडे शेवटी बघावं. आधी ब्रेक.

पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत. नाहीतर नवे टाकायचे आणि आधी दोन-तीनशे किलोमीटर रस्त्यावर बसवून घ्यायचे. डिस्कला चीर नको. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, ब्रेकचं ऑइल. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे चार महिने भिंतींना ओल येते, तिथे ऑइलचं काय होत असेल? डॉट फोर प्रकारचं नवं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पाणी मुरलं की हा आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. ट्रॅकवर डिस्क काहीशे अंश तापते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दबतो, ऑइल दबत नाही. मग पाय दाबला तर पेडल खाली जातं आणि गाडी पुढे जाते.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षांचा टायर कितीही जाड दिसला तरी तो घेऊन वेगात जाऊ नका. बाजूला फुगवटा असेल तर घरीच राहा. हवा कंपनीने सांगितलेली, टायर थंड असताना भरायची. सेशनहून आल्यावर गरम टायरमध्ये ती चढलेली असते, तेव्हा मोजून जास्तीची सोडतात. पण घरी निघताना टायर थंड झाले की परत भरायची, हे लोक विसरतात आणि कमी हवेवर हजार किलोमीटर येतात. चाकाचे नट टॉर्क पान्याने, पुस्तकात दिलेल्या आकड्याइतकेच आवळायचे. पहिल्या सेशननंतर पुन्हा तपासायचे. पाइप लावून, त्यावर उभं राहून नट आवळणारे आमच्याच धंद्यात आहेत. त्याने स्टड ताणला जातो.

इंजिन ऑइल नवं, पातळी वरच्या खुणेजवळ, पण वर नाही. कूलंट भरलेलं, होजपाइप दाबून बघितलेले. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. बॅटरी हलता कामा नये. सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट हलवून बघा.

मग गाडी रिकामी करायची. स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, छत्री, सगळं उतरवून ट्रॅकच्या शेडमध्ये ठेवायचं. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट तर पहिली काढायची, ती सरकून पेडलखाली गेली की संपलं. आमच्या गाडीत डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती होता. मुलगा म्हणाला, "बाप्पाला पण काढायचं?" मी म्हटलं, जोरात ब्रेक लागला तर बाप्पाच तुझ्या कपाळावर येतील. रुमालात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवले. लिंबू-मिरचीही उतरवली.

एक कागदाची बाब. साध्या गाडीच्या विम्यात शर्यत आणि वेगाच्या चाचणीचं नुकसान धरत नाहीत. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपला, हे मनाशी धरूनच जायचं. आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर आणखी जास्त.

आता माणसाची तयारी. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, कारण टेरिकॉट आगीत वितळून कातडीला चिकटतं. पातळ तळाचे, नाडी घट्ट बांधलेले बूट. सीट अशी लावायची की पाठ टेकलेली असताना हात सरळ केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. बेल्ट कमरेवर, पोटावर नाही. बेल्टचं महत्त्व आपल्या जिल्ह्याला तरी सांगायला नको. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

आदल्या रात्री झोप हवी आणि ग्लासाला हात नको. सकाळी हलकं खायचं. मद्रासचा घाम आपल्या घामापेक्षा वरचढ आहे, म्हणून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिवसभर. आणि डोळे. मी गाडीची काच आतून-बाहेरून तीनदा पुसली, पण माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय हे मला तिथे पहिल्या सेशनला, लांबचा झेंडा पिवळा की पांढरा हे कळेना तेव्हा समजलं. मी सरळ आत आलो आणि पुन्हा ट्रॅकवर गेलो नाही. बावन्न वर्षांच्या माणसाने आधी स्वतःची सर्व्हिसिंग करावी.

झेंडे पाठ हवेत. पिवळा म्हणजे पुढे धोका, कुणाला मागे टाकायचं नाही. लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू आत या. निळा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे. काळा तुम्हाला दाखवला तर तुम्ही आत या. चौकटीचा म्हणजे वेळ संपली. पहिली चक्कर टायर-ब्रेक गरम करायला, शेवटची थंड करायला. आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला ओट लावायची.

मुलगा दुसऱ्या सेशनमध्ये एका वळणावर उशिरा ब्रेक लावून गवतात गेला आणि गाडी भिंगरीसारखी फिरली. माझा जीव गळ्यात. पण त्याने शिकवल्याप्रमाणे क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरले, गाडी थांबली, पिवळा झेंडा हलला, तो हळू आत आला. शिकवणाऱ्याने त्याला एकच विचारलं, "फिरण्याआधी कुठे बघत होतास?" तो म्हणाला, "टायरच्या भिंतीकडे." "मग गाडी तिकडेच जाणार. जिथे जायचंय तिथे बघ." हेच हायवेला झालं असतं तर त्या भिंतीच्या जागी कुणाचा तरी ट्रक असता.

आता शेवटची गोष्ट. चौथं सेशन बाकी होतं. मी सवयीने गाडीत बसून ब्रेक दाबला. पेडल मऊ लागलं. पुन्हा दाबला, पुन्हा मऊ. मी म्हटलं, "गाडी बाहेर जाणार नाही." मुलगा हेल्मेट घालून तयार होता. म्हणाला, "बाबा, शेवटचंच सेशन आहे, वीस मिनिटं. उद्या बघू ना."

त्याने आपल्या मित्राला कधी पाहिलेलंही नाही. पण शब्द तेच होते.

मी चावी काढून खिशात घातली. तो चिडला, हेल्मेट बाकावर ठेवून लांब जाऊन बसला. मी चाक काढलं, नळी लावली आणि त्याला हाक मारली. निपल सोडल्यावर काळपट ऑइल आलं आणि त्यात बुडबुडे. मी त्याच्याकडे बघितलं. तो खाली बघून म्हणाला, "त्या दिवशी उशीर झाला होता. बाटलीतलंच ऑइल बदललं. चारही चाकांचं ब्लीडिंग उद्या करू म्हटलं आणि राहिलं."

ते काम मी त्याला मुद्दाम दिलं होतं, शिकावं म्हणून. पण झालं का ते मी बघितलं नव्हतं. म्हणजे चूक दोघांची होती. आम्ही तिथेच बसून चारही चाकं ब्लीड केली. सेशन संपून गेलं, पैसे वाया गेले. संध्याकाळी चहा पिताना मी त्याला १९९३ ची गोष्ट सांगितली. कामणहून तेराशे किलोमीटरवर जाऊन मी ती पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली.

येताना बहुतेक गाडी त्यानेच चालवली. मी मुद्दाम काट्याकडे बघत नव्हतो, पण दिसत होतं. तो सुधारला, असं मी छातीठोक सांगणार नाही, पोरगा तेवीस वर्षांचा आहे. पण आता गॅरेजमध्ये ब्रेकचं काम आलं की शेवटचं पेडल तो दाबून बघतो, मग मी बघतो, आणि मगच चावी जाते. कुणी घाईत असेल तर त्याला चहा देतो, पण चावी देत नाही. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली. तुटू देत.

आता माझी तुम्हाला एक विनंती आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात मी आणि माझा मुलगा बसू. तुमच्या मुलामुलींच्या दुचाक्या, तुमच्या गाड्या घेऊन या. ब्रेक, टायर आणि लाइट बघून देऊ, त्याचे पैसे नाहीत. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. पत्रकावर त्याचंच नाव घालावं असं मी त्याच्या बहिणीला म्हटलं, ती हो म्हणाली.

पहिला रविवार पुढच्याच आठवड्यात आहे. कृपा करून कुणी "उद्या बघू" म्हणू नका.

सर, सूत्र पाठ करायला मला उशीर झाला. माफ करा.